डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी

आनंदीबाई जोशी यांना फिलाडेल्फियात वैद्यकाची पदवी मिळाली ते वर्ष १८८६. त्याच वर्षी ३० जुलै रोजी दक्षिणेतील पुदुक्कोट्टै संस्थानात मुथुलक्ष्मींचा जन्म झाला. वडील नारायणस्वामी अय्यर हे संस्थानातील महाराजा कॉलेजचे प्राचार्य, तर आई चंद्राम्माळ देवदासी कुळातील. या दोहोंमधील सामाजिक अंतराची जाणीव मुलीला फार लवकर झाली असली पाहिजे. मुलांच्या कॉलेजात प्रवेश मिळावा म्हणून तिला प्रत्यक्ष महाराजांची अनुज्ञा लागली. काही पालकांचा रोषही सोसावा लागला. १९०७ मध्ये त्या मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या आणि १९१२ मध्ये पदवीधर झाल्या. १९१४ मध्ये डॉ. सुंदर रेड्डी यांच्याशी विवाह करताना, पतीने आपल्याला बरोबरीच्या नात्याने वागवावे, अशी अट त्यांनी घातली होती.

त्यांच्या आयुष्याला निर्णायक वळण मिळाले ते १९२३ मध्ये. धाकट्या बहिणीचा आजार प्रथम आमांश समजला गेला. तो गुदाशयाचा कर्करोग आहे हे कळले तेव्हा उपचाराची वेळ टळून गेली होती. स्वतः डॉक्टर असलेल्या मोठ्या बहिणीला तिचा मृत्यू पाहण्याखेरीज काही करता आले नाही. हे शल्य त्यांच्या मनातून कधीच गेले नाही. १९२५ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथे स्त्रीरोग व कर्करोग या दोन्ही विषयांचे अधिक शिक्षण त्यांनी घेतले.

परतल्यावर मात्र सार्वजनिक जीवनाने त्यांना ओढून घेतले. १९२७ मध्ये त्या मद्रास विधिमंडळाच्या उपाध्यक्षा झाल्या. मुली देवाला वाहण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव त्यांनी तेथे मांडला. त्याला विरोध झाला, तोही केवळ सनातन्यांकडून नव्हे. मुंबई इलाख्यात असा कायदा १९३४ मध्ये आला; मद्रासला त्यासाठी १९४७ पर्यंत थांबावे लागले. या कायद्याने एका कलापरंपरेच्या वारसदार स्त्रियांची उपजीविकाच काढून घेतली, हा पुढील काळातील अभ्यासकांचा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु १९३० मध्ये देवदासी कुळातील मुली आश्रयासाठी दाराशी आल्या, तेव्हा त्यांना स्वतःच्या घरात ठेवून घेणाऱ्याही मुथुलक्ष्मीच होत्या. त्यातूनच अव्वै आश्रम उभा राहिला. त्याच वर्षी गांधीजींच्या अटकेच्या निषेधार्थ त्यांनी विधिमंडळाचा राजीनामा दिला.

कर्करोग रुग्णालयाची कल्पना त्यांनी १९३५ मध्ये मेडिकल कॉलेजच्या शताब्दी प्रसंगी बोलून दाखविली. प्रतिसाद थंड होता. बरा न होणाऱ्या रोगावर पैसा का खर्चावा, असा त्या काळचा समज. या समजाचे एक कारण असे की रुग्ण, विशेषतः स्त्रिया, फार उशिरा येत. रक्तस्राव, स्तनातील गाठ या गोष्टी लाजेपोटी घरातल्या घरातच झाकल्या जात, आणि परपुरुषाकडून तपासून घेण्यापेक्षा दुखणे सोसणे बरे वाटे. गर्भाशयमुखाचा कर्करोग वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. वेळीच तपासणी झाली तर तो आवरता येतो. पण तपासणीला येण्याचे धैर्य औषधाच्या दुकानात मिळत नाही! ते स्त्रियांनी एकमेकींना द्यावे लागते. मुथुलक्ष्मींनी शासनाची वाट न पाहता विमेन्स इंडियन असोसिएशन या स्त्रियांच्या संघटनेचा आधार घेतला, यात मला त्यांची खरी दूरदृष्टी दिसते. १९४९ मध्ये संघटनेच्या वतीने कर्करोग साहाय्य निधी सुरू झाला आणि लोकांकडून वर्गणी गोळा होऊ लागली. मुंबईत परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून चालू होते, पण त्यामागे एका मोठ्या न्यासाचे द्रव्य होते. मद्रासला तसा आधार नव्हता.

ऑक्टोबर १९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते अड्यार येथे पायाभरणी झाली. १८ जून १९५४ रोजी रुग्णालय सुरू झाले तेव्हा तेथे अवघ्या १२ खाटा होत्या. इंग्लंड-अमेरिकेत शिकून आलेले चिरंजीव डॉ. कृष्णमूर्ती यांनी कामाची धुरा घेतली. १९५५ मध्ये डॉ. व्ही. शांता येऊन मिळाल्या. १९५६ मध्ये मुथुलक्ष्मींना पद्मभूषण मिळाले. २२ जुलै १९६८ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात संस्थेने खेड्यापाड्यांत जाऊन स्त्रियांची तपासणी करण्याचे काम वाढविले. डॉ. शांतांनी पुढे या संस्थेचे अध्यक्षपद भूषविले आणि जानेवारी २०२१ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी हे रुग्णालय सोडले नाही.