दाताचा डॉक्टर मासे धरायला गेला आणि अमेरिकेचा बेस्टसेलर लेखक होऊन बसला

मे १९०२. अमेरिकेतल्या ‘रिक्रिएशन’ नावाच्या मासिकात एक लेख छापून आला. विषय काय, तर डेलावेअर नदीवर बास मासे धरण्यात घालवलेला एक दिवस. लिहिणारा होता न्यूयॉर्कमध्ये दवाखाना चालवणारा तिशीतला दाताचा डॉक्टर.

त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं लिखाण कुणीतरी छापलं होतं.

पुढच्या वीस वर्षांत हा डॉक्टर अमेरिकेतल्या सगळ्यात जास्त वाचल्या जाणाऱ्या लेखकांपैकी एक झाला. घोडा, टोपी, पिस्तूल आणि लांबवर पसरलेलं वाळवंट, ही जी ‘वेस्टर्न’ म्हणून आपल्याकडे ‘शोले’पर्यंत पोचलेली पठडी आहे, तिला लोकप्रिय करणाऱ्यांमध्ये त्याचं नाव वरच्या रांगेत घेतात. त्याच्या कथांवर शंभराहून जास्त सिनेमे निघाले. नाव झेन ग्रे.

काउबॉयवाला झेन ग्रे बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतो. पण त्याला लेखक बनवलं ते एका नदीनं आणि त्या नदीतल्या एका माशानं. त्या माशाचा नाद पुढे इतका वाढला की त्याची किंमत घरच्यांनीही मोजली. आज तीच गोष्ट बघू.

बाप डॉक्टर, पोरगं पण डॉक्टर

झेन ग्रेचा जन्म ३१ जानेवारी १८७२ चा, ओहायो राज्यातल्या झेन्सव्हिल गावचा. गावाचं नाव आणि त्याचं नाव सारखं दिसतंय, तो योगायोग नाही. त्याच्या आईच्या बाजूचे पणजोबा एबेनेझर झेन यांनीच ते गाव वसवलं होतं. घरच्यांनी पोराचं नाव मात्र ‘पर्ल’ ठेवलेलं, म्हणजे मोती. पुढे त्यानं ते टाकून दिलं.

वडील दाताचे डॉक्टर आणि भयंकर तापट. वयाच्या १५ व्या वर्षी पोरानं पहिली कथा लिहिली, तर वडिलांनी ती फाडून टाकली आणि वर त्याला मारलं. लिहिण्याबिहिण्याची थेरं घरात चालणार नव्हती.

त्यानंतर वडिलांचे पैसे बुडाले आणि अख्खं कुटुंब कोलंबस शहरात आलं. घर चालवायला पोरगा गावोगाव जाऊन लोकांचे दात उपटू लागला. लायसन्स नव्हतंच, त्यामुळे सरकारी मंडळानं शेवटी ते बंद पाडलं. पण पोरगं बेसबॉल झकास खेळायचं. त्याच जोरावर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली आणि १८९६ मध्ये दातांची रीतसर डिग्री घेऊन तो बाहेर पडला.

न्यूयॉर्कमध्ये दवाखाना टाकला, पण मन काही तिथं रमेना. सवड मिळाली की भाऊ आर. सी. ग्रेला घेऊन रेल्वेनं लॅकावॅक्सनला पळायचं, हे ठरलेलं. पेनसिल्व्हेनियातलं हे छोटं गाव. इथं लॅकावॅक्सन नदी डेलावेअर नदीला येऊन मिळते आणि डेलावेअरच्या पलीकडच्या काठाला न्यूयॉर्क राज्य लागतं.

तिथं त्याला भेटला स्मॉलमाउथ बास.

हा मासा नक्की आहे तरी काय?

‘बास’ ऐकून हॉटेलच्या मेन्यूतला सी बास डोळ्यापुढे आणू नका. आपला जिताडा, म्हणजे गोव्याचा चोणक, इंग्रजीत एशियन सी बास म्हणून ओळखला जातो. स्मॉलमाउथचा त्याच्याशी तसा काही संबंध नाही. हा उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्याचा मासा. रंग हिरवट तपकिरी, अंगावर उभे पट्टे, डोळे बऱ्याचदा लालसर. याचा भाऊबंद लार्जमाउथ बास. त्याच्या तोंडाची फट डोळ्याच्याही मागे जाते, याची डोळ्याखालीच संपते. म्हणून हा ‘छोट्या तोंडाचा’.

आकारानं हा काही राक्षस नाही. किलो-दीड किलोचा लागला तरी लोक फोटो काढतात. आजवरचा विक्रमच ५.४ किलोच्या आसपासचा आहे.

मग एवढं वेड कशापायी? तर त्याच्या झुंजीपायी. थंड, स्वच्छ, खडकाळ आणि वाहतं पाणी त्याला आवडतं. त्यामुळे अंगात ताकद असते, वर नदीचा प्रवाह त्याच्या बाजूनं. गळ लागला की तो आधी खाली दगडांत घुसतो, मग एकदम पाण्याबाहेर उसळी मारून डोकं झटकतो. दोरी जराशी सैल पडली की गळ निसटलाच म्हणून समजा.

त्याचं आवडतं खाणं म्हणजे क्रेफिश. गोड्या पाण्यात राहणारा, नांग्या असलेला, छोट्या शेवंडासारखा दिसणारा प्राणी. त्याशिवाय दगडाखालच्या अळ्या आणि बारकी मासळी. ग्रेच्या काळात ही मंडळी जिवंतच पकडून गळाला लावायचे. आधी पाण्यात उतरून दगड उलटे करत आमिष गोळा करायचं, मग ते प्रवाहात सोडून मोठ्या दगडांमागच्या संथ पाण्यात जाऊ द्यायचं. दिवसभर हेच. कंबरेएवढ्या पाण्यात उभं राहून.

योगायोग असा की विश्वास बसणार नाही

हा मासा मुळात डेलावेअर नदीचा नव्हताच.

स्मॉलमाउथचं मूळ घर डोंगराच्या पश्चिमेला, ओहायो नदी आणि ग्रेट लेक्सच्या भागात. १८५४ मध्ये व्हीलिंग गावच्या ओढ्यातून थोडे बास पकडले गेले आणि रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीत घालून डोंगर ओलांडून पोटोमॅक नदीत सोडले गेले. पुढे १८७० च्या सुमाराला पोटोमॅकमधले बास आणून डेलावेअरमध्ये सोडले. तिथं त्यांनी असं बस्तान बसवलं की बाहेरून आलेत हे लोक विसरूनच गेले.

आता हे व्हीलिंग गाव वसवलं कुणी? एबेनेझर झेन यांनी. तेच ते, झेन ग्रेचे पणजोबा.

म्हणजे बघा, पणजोबांच्या गावच्या ओढ्यातला मासा रेल्वेत बसून पूर्वेला आला आणि ग्रे दोन वर्षांचं पोर असेपर्यंत डेलावेअरमध्ये रुळला. पुढे पणतूही ओहायो सोडून पूर्वेला आला आणि त्याच माशाच्या नादी लागला. एखाद्या कादंबरीत हे वाचलं असतं तर लेखकानं ओढूनताणून जुळवलंय असं आपण म्हटलं असतं.

ग्रेची पहिली कादंबरीसुद्धा याच व्हीलिंगची. १७८२ साली तिथल्या किल्ल्याला वेढा पडला होता. दारूगोळा संपला तेव्हा एबेनेझरची बहीण बेटी झेन गोळ्यांच्या वर्षावातून धावत जाऊन दारू घेऊन आली, अशी तिची कथा सांगतात. ग्रेनं ती लिहून काढली. एकही प्रकाशक घेईना, म्हणून १९०३ मध्ये त्यानं ती स्वखर्चानं छापली.

डॉलीची एन्ट्री

१९०० साली लॅकावॅक्सनलाच त्याला लीना रॉथ भेटली. घरचे तिला डॉली म्हणायचे. तो २८ वर्षांचा, ती १७ ची. शिकलेली, वाचणारी आणि भाषेवर पक्की पकड असलेली मुलगी. १९०५ मध्ये लग्न झालं. ग्रेनं दवाखान्याला कुलूप लावलं आणि दोघं दोन नद्यांच्या संगमावरच्या घरात राहायला आले.

डॉक्टरकी सोडली, पण पुस्तकं तर खपत नव्हती. मग घर कसं चाललं? डॉलीला वारशात मिळालेले पैसे होते, त्यावर. १९०७ मध्ये ग्रे ॲरिझोनाच्या वाळवंटात गेला, तेव्हाही आधार तिचाच होता. त्या दौऱ्यावर लिहिलेलं पुस्तक घेऊन तो हार्पर या बड्या प्रकाशन संस्थेकडे गेला, तर संपादकानं ते परत केलं.

याच पडत्या काळात, १९०९ मध्ये, त्यानं ‘आउटिंग’ मासिकात लॅकावॅक्सनच्या एका म्हाताऱ्या, भल्यामोठ्या बासवर एक कथा लिहिली. कथेतला खरा हिरो मासाच. माणसं आपली त्याच्यापुढे हात टेकतात. मला विचाराल तर काउबॉय कादंबऱ्यांमध्ये जो एकटा, कुणाच्या हाती न लागणारा नायक पुढे दिसतो, त्याची तालीम इथंच झाली. फक्त त्याला घोड्याऐवजी कल्ले होते.

१९१० मध्ये हार्परनं ‘हेरिटेज ऑफ द डेझर्ट’ छापलं आणि ते चाललं. १९१२ चं ‘रायडर्स ऑफ द पर्पल सेज’ संपादकाला पसंत नव्हतं, तर ग्रे थेट वरच्या साहेबाकडे गेला. पुस्तक निघालं आणि पुढे त्याच्या लाखो प्रती खपल्या.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. ग्रे हातानं लिहायचा. त्याचं शुद्धलेखन, व्याकरण, वाक्यं डॉली तपासायची. हस्तलिखित साफ करायची, प्रकाशकांशी आणि पुढे सिनेमावाल्यांशी पैशांचं बोलायची. तिन्ही पोरांना सांभाळायची. कमाईत तिचा निम्मा वाटा ठरलेला होता आणि तो तिनं पुरेपूर कमावलेला होता.

नदी पुरेना, मग समुद्र

पैसा आला तसा मासाही मोठा हवा झाला.

१९१८ मध्ये कुटुंब कॅलिफोर्नियाला गेलं. कॅटालिना बेटाजवळ ग्रे ट्यूना आणि स्वोर्डफिश धरू लागला. तिथल्या क्लबच्या एका महिलेनं हलक्या दोरीवर त्याच्यापेक्षा मोठा स्वोर्डफिश आणला, तेव्हा हा पठ्ठ्या तिच्यावर संशय घेऊन मोकळा. क्लबनं माफी मागायला लावली. त्यानं ती मागितली आणि राजीनामाही दिला. पडद्यावर त्याचे नायक स्त्रियांच्या इज्जतीसाठी जीव द्यायचे, हे वाचताना आठवलं की हसू येतं.

१९२४ मध्ये त्यानं तीन डोलकाठ्यांचं जहाज घेतलं आणि नाव ठेवलं ‘फिशरमन’. मग गॅलापागोस, न्यूझीलंड, ताहिती, ऑस्ट्रेलिया. १९२६ मध्ये न्यूझीलंडच्या बे ऑफ आयलंड्समध्ये त्यानं तळ ठोकला आणि त्यावर पुस्तक लिहून ती जागा जगभरच्या हौशी मंडळींच्या नकाशावर आणली. १९३० मध्ये ताहितीजवळ त्यानं मार्लिन धरला, वजन १,०४० पौंड, म्हणजे जवळपास ४७० किलो. तेही वर काढेपर्यंत शार्कनी त्याचे लचके तोडले होते. काठी आणि रिळावर हजार पौंडांच्या पुढचा मासा धरणारा पहिला माणूस म्हणून त्याचं नाव घेतात.

पण या सगळ्या सफरींत सोबत डॉली नसायची. इतर तरुण बायका असायच्या, कधी सेक्रेटरी म्हणून, कधी मैत्रीण म्हणून. डॉलीला हे माहीत होतं. तिला दुःख व्हायचं आणि तरी ती घर आणि धंदा दोन्ही चालवत राहिली. ग्रेला अधूनमधून खोल नैराश्याचे झटके यायचे. त्यात पाण्यावर गेलं की त्याला बरं वाटायचं, हेही खरं. पण ते ‘बरं वाटणं’ परवडायचं ते घरी बसून कुणीतरी हिशेब सांभाळत होतं म्हणून. १९२९ नंतर मंदी आली, पुस्तकांचे पैसे आटले. याचे खर्च मात्र जहाजाच्या मापाचेच राहिले. ती ओढाताणही डॉलीच्याच वाट्याला आली.

१९३७ मध्ये ओरेगॉनच्या नॉर्थ अंपक्वा नदीवर मासे धरताना त्याला पक्षाघाताचा झटका आला. त्यातून तो बऱ्यापैकी सावरला. २३ ऑक्टोबर १९३९ ला कॅलिफोर्नियातल्या घरी हृदय बंद पडून तो गेला, वय ६७. नव्वदच्या आसपास पुस्तकं मागे राहिली. काही तर तो गेल्यावर कित्येक वर्षं निघत होती.

जिवंत अळीपासून रबरी ट्यूबपर्यंत

ग्रे गेल्यावर दहाच वर्षांत त्याच्याच ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात निक क्रीम नावाच्या माणसानं मऊ प्लास्टिकचं गांडूळ बनवलं आणि गळाच्या दुनियेत उलथापालथ झाली. १९७० च्या दशकात बॉबी गारलँडनं पोकळ ‘ट्यूब’ बाजारात आणली. करंगळीएवढी मऊ नळी, एका बाजूनं बंद, दुसऱ्या बाजूला झालरीसारखे धागे. शिशाचं डोकं असलेला गळ आतून सरकवायचा आणि तळाच्या दगडांवरून टुणटुण ओढायचं. धागे हलतात, नळी मागे सरकल्यासारखी दिसते आणि बासला वाटतं क्रेफिश शेपूट मारून उलटा पळतोय. वजन पोकळ नळीच्या आत असल्यानं ट्यूब खाली जाताना गोल गोल फिरत जाते, आणि बऱ्याचदा मासा तेव्हाच झडप घालतो. दगड उलटे करत अळ्या शोधायची गरजच संपली.

लॅकावॅक्सनचं ते घर १९८९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसनं घेतलं. तिथं आता झेन ग्रेचं संग्रहालय आहे. डॉली १९५७ मध्ये गेली. घरापासून थोड्याच अंतरावरच्या गावच्या दफनभूमीत दोघं शेजारी शेजारी आहेत. आणि समोरच्या संगमावर उन्हाळ्यात लोक पाण्यात उभे असतात, काहींच्या काठीला ट्यूब असते.