विल्यम केरी साहेबांचा धीर

धीर म्हटला म्हणजे मोठ्या संकटात न डगमगणे, एवढाच अर्थ आपण बहुधा घेतो. विल्यम केरी साहेबांच्या चरित्रात तसला प्रसंग आहेच.

हे इंग्लंडातील एका विणकऱ्याचे पुत्र. धंदा जोडे शिवण्याचा. १७९३ साली ते बंगाल्यात आले व १८०० पासून श्रीरामपुरास राहिले. (हे महाराष्ट्रातले श्रीरामपूर नव्हे, हुगळीकाठचे होय.) मराठी भाषेवर त्यांचे ऋण थोर आहे. १८०५ साली त्यांचे मराठी व्याकरण, १८१० साली कोश व १८११ साली नवा करार छापून निघाला; या कामी वैजनाथ पंडितांचे मोठे साहाय्य होते.

११ मार्च १८१२ रोजी सायंकाळी त्यांच्या छापखान्यास आग लागली. केरी साहेब तेव्हा कलकत्त्यास होते. कागदाचे ढीग, अनेक भाषांचे खिळे, संस्कृत कोशाचे व तेलुगु व्याकरणाचे हस्तलिखित, सारे जळाले. वितळलेल्या धातूचे नवे खिळे पाडण्यास लोक लागले आणि साहेब पंडितांसह पुन्हा पहिल्या पानापासून लिहावयास बसले. विलायतेत वार्ता पोहोचताच वर्गणी जमून नुकसान भरून निघाले.

परंतु आम्हांस याहून कठीण वाटतो तो त्यांचा घरातील धीर. त्यांची पत्नी डोरोथीबाई हिंदुस्थानात येण्यास प्रथम राजी नव्हत्या. काही लोक त्यांस बोल लावितात. आम्ही लावीत नाही. पदरी तान्हे मूल असता समुद्र ओलांडावयाचा, हे धाडस पतीने ठरविले, पण त्याची किंमत बाईंस द्यावी लागली. १७९४ साली पाच वर्षांचा पीटर वारला आणि पुढे बाईंचे चित्त भ्रमले. त्या पतीवर नाही नाही ते संशय घेत, चारचौघांत ओरडत. शेवटी त्यांस खोलीत ठेवावे लागले. त्यांस वेड्यांच्या इस्पितळात पाठवावे असा सल्ला मिळाला, तो साहेबांनी मानिला नाही. एका खोलीत बाईंचा आक्रोश व शेजारच्या खोलीत शास्त्राचे भाषांतर, असे त्या घरात वर्षानुवर्षे चालले. याची वार्ता कोठे छापावयाची, वर्गणी ती कसली?

८ डिसेंबर १८०७ रोजी डोरोथीबाई वारल्या. छापखाना जळाला तेव्हा त्यांस जाऊन चार वर्षे होऊन गेली होती.