राजदरबारातलं गाणं घरोघरी नेणारे विष्णू दिगंबर पलुसकर

गाण्याच्या क्लासला जाणारं पोर घरात किंवा गल्लीत असेल, तर प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद हे शब्द तुम्ही ऐकलेच असतील. फैजपूरसारख्या गावातल्या मुलीनं विशारद व्हावं आणि घरच्यांनी ते कौतुकानं सांगावं, यात आज कुणाला नवल वाटत नाही.

सव्वाशे वर्षांपूर्वी चित्र वेगळं होतं. गाणं राजेरजवाड्यांच्या दरबारात आणि कोठ्यांवर चालायचं. गवयाला दाद मिळायची, पण मान नाही. चांगल्या घरातल्या मुलामुलींनी गाणं शिकणं तर लांबच.

हे बदलणाऱ्यांत एक मोठं नाव म्हणजे विष्णू दिगंबर पलुसकर.

फटाक्यानं नजर गेली

१८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडला त्यांचा जन्म झाला. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार, त्यामुळे अभंग आणि पदं घरातच होती. लहानपणी चेहऱ्याजवळ फटाका फुटला आणि डोळे कायमचे अधू झाले. शाळा सुटली. उपचारांसाठी मिरजेला आलेला हा मुलगा तिथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ग्वाल्हेर घराण्याचं गाणं शिकू लागला.

मिरजेच्या संस्थानिकांचा आश्रय होता. पण एका समारंभात गावातल्या प्रतिष्ठितांना बोलावणं गेलं आणि आपल्या गुरूंना मात्र गेलं नाही, हे त्यांच्या जिव्हारी लागलं, असं सांगतात. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली.

लाहोरची शाळा

बडोदा, ग्वाल्हेर, सौराष्ट्र, मथुरा असं फिरत ते पंजाबात पोहोचले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. ही शाळा कुणा राजाच्या खजिन्यावर चालणारी नव्हती, तर लोकांच्या देणग्या आणि जलशांच्या कमाईवर उभी होती. ठरलेला अभ्यासक्रम, छापील पुस्तकं, स्वतः तयार केलेली स्वरलिपी आणि परीक्षा, अशी सगळी घडी त्यांनी बसवली.

एक अडचण उरलीच होती. अनेक बंदिशींचे शब्द शृंगाराचे, ते मुलांना शिकवायला पालक कसे तयार होणार? पलुसकरांनी राग तेच ठेवले आणि त्यात भक्तीचे शब्द बसवले. तुलसीदास, सूरदास, मीरा यांची पदं ते मैफलीत गाऊ लागले. भजनाला कुणाच्या घरात मनाई असणार? भजनाचं बोट धरून रागसंगीत मध्यमवर्गीय घरात शिरलं.

काँग्रेसच्या अधिवेशनांतही ते गायचे. १९२३ साली काकीनाड्याला अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी गाण्याला हरकत घेतली, तरी पलुसकरांनी वंदे मातरम् पूर्ण केलं.

इमारतीचा लिलाव

१९०८ साली मुंबईत शाखा निघाली. पुढे मोठी इमारत बांधली आणि त्यासाठी कर्ज काढलं. कर्ज काही फिटेना. १९२४ च्या सुमारास इमारतीचा लिलाव झाला.

तोवर त्यांचं मन रामनामात रमलं होतं. नाशिकला रामनाम आधार आश्रम काढून ते तुलसी रामायणावर गात आणि प्रवचनं करत. रघुपति राघव राजाराम ही धून आज आपण ज्या चालीत ओळखतो, ती त्यांचीच मानली जाते.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचं निधन झालं. मुलगा दत्तात्रय तेव्हा अवघ्या १० वर्षांचा होता. पुढे द. वि. पलुसकर म्हणून त्यानंही भजनांत नाव कमावलं, पण १९५५ साली वयाच्या ३४ व्या वर्षी तोही गेला.

मग उरलं काय?

शिष्य उरले. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर यांनी ठिकठिकाणी गाणं पोहोचवलं. नारायण मोरेश्वर खरे गांधीजींच्या साबरमती आश्रमात प्रार्थना गायचे आणि १९३० च्या दांडीयात्रेतही ते चालले. गुरूच्या निधनानंतर शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं.

विशारदची परीक्षा आजही हेच मंडळ घेतं. पलुसकरांची इमारत लिलावात गेली, पण त्यांनी घालून दिलेली शिकवण्याची पद्धत गावोगावच्या क्लासमध्ये चालू आहे.