वेगळ्या गोणपाटावरचा विद्यार्थी

महाडच्या चवदार तळ्याच्या काठी आपल्यापैकी बहुतेक जण केव्हा ना केव्हा उभे राहिले असतील. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच तळ्याचे ओंजळभर पाणी प्याले, हे आपण शालेय पुस्तकात वाचले आहे. परंतु त्या ओंजळीची कहाणी महाडला सुरू होत नाही. ती सुरू होते साताऱ्याच्या एका शाळेत, एका लहान मुलाच्या कोरड्या घशापासून.

भीमरावांचे घराणे मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावचे. वडील सुभेदार रामजी सैन्यात होते. भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडिलांच्या निवृत्तीनंतर हे कुटुंब दापोलीस व पुढे साताऱ्यास आले. तेथे आई भीमाबाई वारल्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव तेथील सरकारी शाळेत दाखल झाले. महाराष्ट्रात आज हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. पण त्या विद्यार्थ्याच्या वाट्याला आला तो वर्गाचा एक कोपरा आणि घरून आणलेला गोणपाटाचा तुकडा. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे. शिपाई नसला, तर पाणी नाही.

अशा त्या शाळेत दोन माणसे मात्र वेगळी निघाली. आंबेडकर आडनावाचे एक शिक्षक मधल्या सुट्टीत आपल्या शिदोरीतील भाजी-भाकरी या मुलाला रोज देत. त्यांचेच आडनाव भीमरावांनी पुढे लावले, असे चरित्रकार सांगतात. दुसरे पेंडसे गुरुजी. एकदा भर पावसात भीमराव चिंब भिजून वर्गात आले. पेंडसे गुरुजींनी त्यांना आपल्या मुलाबरोबर घरी पाठविले आणि ऊन पाण्याने अंघोळ घालून कोरडे वस्त्र देण्यास सांगितले. प्रसंग लहानच. परंतु त्यात शिकण्यासारखे फार आहे. गुरुजींनी आपल्या मुलाला समतेवर व्याख्यान दिले नाही. एक काम दिले. भिजलेल्या सोबत्याला बरोबर घेऊन चालण्याचे! दया पुस्तकातून शिकण्यापेक्षा अशी चालता चालता अधिक लवकर शिकता येते.

पुढे मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये याच्या उलट घडले. शिक्षकांनी भीमरावांना फळ्यावर गणित सोडविण्यास बोलाविले. फळ्यामागे मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले असत. भीमराव जागेवरून उठताच वर्गात एकच गलका झाला आणि मुलांनी धावत जाऊन डबे बाजूला केले. ती मुले दुष्ट होती काय? तसे म्हणवत नाही. घरी जे पाहिले तेच त्यांनी वर्गात केले. पण फळ्यापाशी उभ्या असलेल्या मुलाच्या मनाला काय वाटले असेल, हा विचार त्या धावपळीत हरवला.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्काराच्या वेळी कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी विद्यावेतन दिले. १९१३ साली भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले; पुढे लंडनला. एवढी विद्या मिळवूनही १९१७ साली बडोद्यात त्यांना राहावयास जागा मिळेना. गोणपाटाचा तो तुकडा जणू त्यांच्या पाठोपाठच चालला होता.

म्हणून महाडचा संग्राम केवळ पाण्याचा नव्हता. नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव १९२४ सालीच केला होता, पण तो कागदावरच राहिला. परिषदेसाठी खपणारे दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांनाही बालपणी महाडच्या शाळेत वेगळे बसावे लागले होते. मात्र या वेळी बरोबर चालणारेही होते : सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे. पाणी प्याल्यानंतर सत्याग्रहींवर लाठ्या पडल्या, तरी बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना हात उगारू दिला नाही. डिसेंबरात ते पुन्हा आले, ते ‘पद्मावती’ बोटीने आणि सावित्रीच्या खाडीतून दासगावला उतरून महाडला. मंडपाला जागा मिळेना, ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

पुढे याच विद्यार्थ्याच्या अध्यक्षतेखालील समितीने राज्यघटनेचा मसुदा तयार केला आणि घटनेने अस्पृश्यता नष्ट केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महानिर्वाण झाले.

कायदा झाला, पण वर्गातला कोपरा अजून रिकामा झालेला नाही. कोणाची बोली हसण्यावारी नेली जाते, कोणाच्या कपड्यांना नावे ठेवली जातात, कोणाच्या शेजारचे बाक रिकामे राहते. आपल्यातील कित्येक जण उद्या शिक्षक होतील, आई-बाप होतील. मुलांना उपदेश करण्याआधी पेंडसे गुरुजींसारखे एक छोटे काम त्यांच्यावर सोपवावे : त्या बाकावर जाऊन बस, डबा उघड, बरोबर चाल. आणि तोवर? तोवर ते बाक आपल्याच वर्गात आहे.