इंजिनाची भूक ओळखणारे मायबाख

विल्हेम मायबाख यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८४६ रोजी जर्मनीतील हाइलब्रॉन येथे एका सुताराच्या घरी झाला. दहाव्या वर्षी ते पोरके झाले आणि रॉइटलिंगेनच्या अनाथाश्रमात वाढले. आश्रमाच्या कारखान्यातच ते यंत्रांची रेखाचित्रे काढायला शिकले. तेथे प्रमुख म्हणून आलेल्या गोटलीब डाइमलर यांनी त्यांचे गुण हेरले.

१८८५ साली या दोघांनी आपले हलके पेट्रोल इंजिन एका लाकडी दुचाकीवर बसवले. इंजिन चालले, पण त्याला इंधन नीट मिळेना. त्या काळच्या कार्ब्युरेटरमध्ये हवा पेट्रोलवरून जाई व त्याची वाफ घेऊन इंजिनात शिरे. पेट्रोलचा हलका भाग आधी उडून जाई, जड भाग मागे राही. थंडी पडली किंवा गाडीला हादरे बसले की मिश्रण बिघडे.

१८९१ साली मतभेदांमुळे मायबाख कंपनीतून बाहेर पडले. डाइमलर यांच्या पाठबळावर कानश्टाट येथील एका बंद हॉटेलच्या सभागृहात त्यांचे प्रयोग सुरू राहिले. १८९३ साली उत्तर सापडले. लहान टाकीतला तरंगता फ्लोट पेट्रोलची पातळी जेटच्या तोंडाच्या किंचित खाली राखतो. दट्ट्या हवा ओढतो आणि त्या ओढीनेच पेट्रोलचा फवारा उडतो. जितकी इंजिनाची ओढ, तितके इंधन! त्याच वर्षी हंगेरीत बांकी आणि चोंका यांनीही असाच कार्ब्युरेटर केला होता.

माझे वडील चाकणजवळ दुचाकी दुरुस्त करतात. ते चौथी शिकलेले. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मीच पहिला. गाडी ओव्हर होऊ लागली की ते आधी फ्लोट पाहतात, मग जेट फुंकतात. हे निव्वळ हातकाम, असे मी समजत असे. मायबाखांचे चरित्र वाचल्यावर कळले, की त्यामागे एका माणसाचा वर्षांचा विचार आहे. २०२० च्या नव्या प्रदूषण नियमांनंतर बहुतेक नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर गेला. जुन्या गाड्या मात्र वडिलांकडे अजून येतात.

विद्यापीठाची पदवी नसलेल्या मायबाखांना १९१६ साली स्टुटगार्टच्या तांत्रिक विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. २९ डिसेंबर १९२९ रोजी ते निवर्तले. २०१५ साली त्यांच्या नावाची मोटार आमच्या चाकणमध्ये जुळवली जाऊ लागली. त्या नावामागचा अनाथ मुलगा किती जणांना ठाऊक असेल? मित्रहो, पदवी आपण जरूर मिळवू. पण हातांना काळे लागलेल्या माणसाजवळही विद्या असते, हे विसरू नये.