विश्लेषण : कारण चुकले, तरी आजाराला त्यांचेच नाव! कण्याचा संधिवात ओळखणारे डॉ. बेख्तेरेव कोण होते?

सकाळी उठल्यावर पाठ लाकडासारखी ताठ. तासभर हालचाल केली की थोडी मोकळी, पुन्हा स्वस्थ बसले की आखडलेली. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या कण्याच्या दाहक संधिवाताची ही ओळख. आपल्याकडे डॉक्टर त्याला थोडक्यात एएस म्हणतात. जर्मनी आणि रशियात मात्र त्याचे रोजच्या वापरातले नाव आहे बेख्तेरेवचा आजार. हे नाव ज्यांच्यावरून पडले ते व्लादिमीर बेख्तेरेव हाडांचे डॉक्टर नव्हते. ते मेंदू आणि मनोविकारांचे डॉक्टर होते. या आजाराचे त्यांनी सांगितलेले कारण पुढे चुकीचे ठरले. त्यांच्या मृत्यूवर संशयाचे सावट राहिले आणि मायदेशात त्यांचे विचार मोडीत काढले गेले. तरीही हे नाव सव्वाशेहून अधिक वर्षे टिकून आहे. ते का, याचे उत्तर त्यांच्या आयुष्यात आणि त्यांच्यानंतर झालेल्या संशोधनात सापडते.

खेड्यातून सेंट पीटर्सबर्गपर्यंत

बेख्तेरेव यांचा जन्म १८५७ मध्ये रशियातील व्याटका प्रांतातल्या सोराली या छोट्या गावात झाला. आज हा भाग तातारस्तानमध्ये येतो आणि गावाचे नाव बदलून बेख्तेरेवो असे झाले आहे. वडील पोलीस खात्यात साध्या पदावर होते. व्लादिमीर लहान असतानाच ते क्षयरोगाने गेले. आईने ओढगस्तीत मुलांना शिकवले. १६व्या वर्षी, म्हणजे १८७३ मध्ये, त्यांना सेंट पीटर्सबर्गच्या वैद्यकीय अकादमीत प्रवेश मिळाला. पुढे हीच संस्था मिलिटरी मेडिकल अकॅडमी म्हणून ओळखली जाऊ लागली.

शिक्षण सुरू असतानाच रशिया-तुर्कस्तान युद्ध पेटले. बेख्तेरेव स्वयंसेवक म्हणून जखमींच्या सेवेला गेले. १८७८ मध्ये ते डॉक्टर झाले आणि १८८१ मध्ये मनोरुग्णांच्या शरीराच्या तापमानावरील प्रबंधाला डॉक्टरेट मिळाली. मनाच्या आजारात शरीर काय सांगते, हे मोजून पाहायचे, ही त्यांची सवय इथपासूनच दिसते.

१८८४ मध्ये ते युरोपात शिकायला गेले. लाइपझिगमध्ये मेंदूतज्ज्ञ पॉल फ्लेक्सिग आणि प्रायोगिक मानसशास्त्राचे जनक मानले जाणारे विल्हेल्म वुंट, तर पॅरिसमध्ये ज्याँ-मार्टिन शार्को यांच्याकडे त्यांनी काम केले. रुग्णाला नीट पाहायचे, त्याची चाल, स्नायू, संवेदना बारकाईने तपासायच्या आणि मिळत्याजुळत्या रुग्णांचा गट करून आजाराला वेगळी ओळख द्यायची, ही शार्को यांची पद्धत होती. १८८५ मध्ये व्होल्गा नदीवरच्या कझान शहरातील विद्यापीठात बेख्तेरेव मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेव्हा ते अवघ्या २८ वर्षांचे होते.

१८९२ च्या लेखात काय होते?

कझानमध्ये असताना काही रुग्णांनी त्यांचे लक्ष वेधले. पाठ दुखते, कणा वळत नाही, मान पुढे झुकलेली, वरची पाठ कमानीसारखी वाकलेली. कण्याचा एखादा भाग, कधी जवळपास पूर्ण कणा हलत नसे. हे चित्र तेव्हाच्या पाठ्यपुस्तकांतल्या कोणत्याही आजाराशी नीट जुळत नव्हते.

१८९२ मध्ये व्राच या रशियन वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी या रुग्णांवर लेख लिहिला. कण्याचा ताठरपणा आणि बाक हा एक वेगळाच आजार आहे, असा दावा त्यांनी लेखाच्या शीर्षकातच केला होता. ताठरपणासाठी त्यांनी वापरलेल्या रशियन शब्दाचा मूळ अर्थ लाकूड होणे असा आहे. पाठ लाकडासारखी झाली, अशी तक्रार आजचे रुग्णही करतात. पुढच्याच वर्षी हा लेख जर्मन भाषेत आला आणि युरोपभर पोहोचला.

हा काळही लक्षात घ्यायला हवा. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्ये, म्हणजे या लेखानंतर तीन वर्षांनी. शरीरात दाह आहे की नाही हे सांगणाऱ्या आजच्या रक्तचाचण्या नव्हत्या. एमआरआय तर फार दूरची गोष्ट. डोळे, हात आणि रुग्णाने सांगितलेली हकीकत, एवढीच साधने बेख्तेरेव यांच्याकडे होती. त्यावरून त्यांनी लक्षणांची यादी केली. आजारामागे आनुवंशिकता आणि पाठीला झालेली दुखापत असू शकते, असेही त्यांनी नोंदवले.

मग चुकले कुठे?

बेख्तेरेव यांनी या आजाराचे मूळ नसांमध्ये शोधले. त्यांच्या मते, मज्जारज्जूच्या आवरणाजवळ जुनाट दाह होतो, त्यामुळे कण्यातून बाहेर पडणाऱ्या नसांच्या मुळांवर दाब येतो, स्नायू कमजोर पडतात, पाठ वाकते आणि मग सांधे धरले जातात. म्हणजे नस आधी, सांधा नंतर.

पुढे हा क्रम उलटा निघाला. हा आजार मुळात सांध्यांचा आहे. दाह होतो तो कण्याच्या सांध्यांत, तसेच अस्थिबंध आणि स्नायूंचे कंडरे जिथे हाडाला चिकटतात त्या जागी. अनेक वर्षे दाह राहिला की तिथे नवे हाड तयार होऊ लागते आणि मणके एकमेकांना जोडले जातात. आजार खूप पुढे गेला की क्ष-किरण चित्रात कणा बांबूसारखा दिसतो.

या आजाराचे वर्णन करणारे बेख्तेरेव एकटेही नव्हते. जर्मन डॉक्टर अडोल्फ स्ट्रुम्पेल यांनी १८८४ मध्ये लाइपझिगमध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठ्यपुस्तकात कणा आणि खुब्याचे सांधे पूर्ण धरलेल्या रुग्णांची नोंद केली होती. १८९७ मध्ये त्यांनी त्यावर सविस्तर लिहिले. १८९८ मध्ये शार्को यांचे शिष्य पिएर मारी यांनी फ्रान्समधून असेच रुग्ण मांडले. या दोघांच्या रुग्णांत आजार कमरेखालून सुरू होऊन वर चढत होता आणि खुबे, खांदे यांनाही धरत होता. बेख्तेरेव यांच्या रुग्णांत तो वरच्या पाठीपासून खाली उतरत होता. त्यामुळे आपला आजार वेगळाच आहे, या मतावर बेख्तेरेव ठाम राहिले.

आज सर्वसाधारणपणे दिसणारे चित्र मारी आणि स्ट्रुम्पेल यांच्या वर्णनाशी अधिक जुळते. बेख्तेरेव यांचे सगळे रुग्ण आजच्या निकषांत बसले असते का, याविषयी अभ्यासकांना शंका आहे. पण पाठदुखी आणि बाक यांच्या गर्दीतून कणा धरणारा एक वेगळा आजार बाजूला काढायला हवा, ही त्यांची मूळ मांडणी टिकली. लक्षणे नेमकी नोंदवणे आणि त्यांचे कारण सांगणे ही दोन वेगळी कामे असतात. पहिले काम चोख झाले असेल, तर दुसऱ्यातली चूक पुढच्या पिढीला दुरुस्त करता येते.

पद गेले, पण साक्ष दिली

१८९३ मध्ये बेख्तेरेव सेंट पीटर्सबर्गला परतले आणि मिलिटरी मेडिकल अकॅडमीत मानसिक व मज्जासंस्थेच्या आजारांचे प्राध्यापक झाले. मेंदूतील एका केंद्राला त्यांचे नाव आहे. १९०७ मध्ये त्यांनी सायकोन्यूरोलॉजिकल इन्स्टिट्यूट उभी केली. इतर अनेक संस्थांची दारे बंद असताना या संस्थेत स्त्रियांना आणि ज्यू विद्यार्थ्यांना शिकता येत होते. माणसाचे वर्तन प्रतिक्षिप्त क्रियांच्या आधारे अभ्यासावे, असे त्यांचे मत होते. याच क्षेत्रात काम करणाऱ्या इव्हान पाव्हलोव्ह यांच्याशी त्यांचे वैर जगजाहीर होते.

१९१३ मध्ये कीव्हमध्ये मेंडेल बेलिस या ज्यू कामगारावर खटला चालला. धार्मिक विधीसाठी एका ख्रिस्ती मुलाचा खून केल्याचा आरोप त्याच्यावर होता. या आरोपाला झारच्या राजवटीतील बड्या अधिकाऱ्यांचे पाठबळ होते. बेख्तेरेव तज्ज्ञ म्हणून न्यायालयात उभे राहिले. मुलाच्या अंगावरच्या जखमांतून धार्मिक विधी सिद्ध होत नाही, अशी साक्ष त्यांनी दिली. ज्युरीने बेलिसला निर्दोष ठरवले. त्याच वर्षी बेख्तेरेव यांचे अकादमीतले पद गेले. पुरावा जेवढे सांगतो तेवढेच बोलायचे, ही रुग्णाच्या खाटेजवळची शिस्त त्यांनी न्यायालयातही पाळली होती.

मृत्यूचे गूढ

क्रांतीनंतर त्यांनी सोव्हिएत सरकारसोबत काम केले आणि १९१८ मध्ये मेंदूच्या अभ्यासासाठी नवी संस्था काढली. डिसेंबर १९२७ मध्ये ते एका वैद्यकीय परिषदेसाठी मॉस्कोत होते. अचानक प्रकृती बिघडली आणि २४ डिसेंबरला त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते ७० वर्षांचे होते. नेहमीसारखे पूर्ण शवविच्छेदन न करता मेंदू तेवढा काढून घेतला गेला आणि घाईने दहन झाले.

मृत्यूच्या काही काळ आधी त्यांनी स्टालिनची तपासणी केली होती, स्टालिनला संशयाचा मनोविकार असल्याचे मत त्यांनी व्यक्त केले आणि म्हणून त्यांच्यावर विषप्रयोग झाला, अशी चर्चा तेव्हापासून आहे. मात्र ती कधीच सिद्ध झालेली नाही.

कुटुंबावर काय ओढवले, हे मात्र नोंदलेले आहे. त्यांचा अभियंता मुलगा प्योत्र याला स्टालिनच्या दमनसत्रात अटक झाली आणि १९३८ मध्ये गोळ्या घालून ठार करण्यात आले. प्योत्रची मुलगी नताल्या अनाथाश्रमात वाढली. पुढे ती मेंदूसंशोधक झाली आणि आजोबांचे क्षेत्र तिने पुढे नेले. बेख्तेरेव यांचे वर्तनविषयक विचार मायदेशात चुकीचे ठरवून बाजूला टाकले गेले. रुग्णांच्या केसपेपरवर मात्र त्यांचे नाव लिहिले जातच राहिले.

त्यांच्यानंतर संशोधन कुठे पोहोचले?

अमेरिकेत हा आजार अनेक दशके रूमटॉइड आर्थ्रायटिसचाच एक प्रकार मानला जात होता. १९६३ मध्ये तिथल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने त्याला वेगळा आजार म्हणून मान्यता दिली.

मोठे वळण आले १९७३ मध्ये. लंडन आणि लॉस एंजेलिस येथील दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की या आजाराचा एचएलए-बी२७ या जनुकीय खुणेशी घट्ट संबंध आहे. लंडनच्या अभ्यासात ७५ पैकी ७२ रुग्णांत ही खूण सापडली. तुलनेसाठी घेतलेल्या ७५ निरोगी व्यक्तींत ती फक्त तिघांत होती. आनुवंशिकतेबद्दल बेख्तेरेव यांनी बांधलेला अंदाज अशा रीतीने ८१ वर्षांनी आकड्यांत दिसला. अर्थात ही खूण म्हणजे आजार नव्हे. बी२७ असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही.

दुसरा प्रश्न होता मोजण्याचा. दुखणे कमी झाले, हे कसे ठरवायचे? १९९४ मध्ये इंग्लंडमधील बाथ येथील संशोधकांनी थकवा, वेदना, सूज, सकाळचा ताठरपणा अशा सहा प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. रुग्ण प्रत्येक प्रश्नाला ० ते १० गुण देतो. त्यामुळे औषधांच्या चाचण्यांना भक्कम आधार मिळाला.

२००२ मध्ये जर्मनीतील ७० रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅब या औषधाची चाचणी झाली. शरीरात दाह वाढवणाऱ्या टीएनएफ या घटकाला हे औषध रोखते. १२ आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांपैकी ५३ टक्के रुग्णांचा त्रास या मोजपट्टीवर निम्म्याने किंवा अधिक कमी झाला. औषधाचा अंश नसलेले सलाइन मिळालेल्या गटात हे प्रमाण ९ टक्के होते.

आजच्या रुग्णांसाठी याचा अर्थ काय?

औषधे आली, तरी आजार ओळखायला लागणारा वेळ ही अडचण कायम आहे. अनेक देशांतल्या अभ्यासांत पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत सरासरी पाच वर्षांहून अधिक काळ गेल्याचे दिसते. तोवर गादी बदलणे, मलम, पट्टा, वेदनाशामक गोळ्या असे उपाय सुरू राहतात. हा पुरुषांचाच आजार आहे, या जुन्या समजामुळे स्त्रियांचे निदान आणखी लांबते.

पाठदुखी बहुतेकांना कधी ना कधी होते आणि बहुतेक वेळा ती साधी असते. पुढील गोष्टी मात्र वेगळ्या आहेत :

- दुखणे ४५ वर्षांच्या आत, हळूहळू सुरू झाले आणि तीन महिन्यांहून अधिक टिकले.
- विश्रांतीने ते कमी होत नाही, हालचालीने कमी होते.
- सकाळी पाठ बराच वेळ ताठ राहते किंवा उत्तररात्री दुखण्याने जाग येते.
- डोळा लाल होऊन दुखणे, सोरायसिस किंवा आतड्याचा दाह सोबत आहे, किंवा घरात कुणाला असा आजार आहे.

अशा वेळी संधिवाततज्ज्ञांना दाखवणे योग्य. भारतात आणखी दोन कारणांनी तपासणी महत्त्वाची ठरते. एक, मणक्याच्या क्षयरोगातही पाठ दुखते. ताप किंवा वजन घटणे सोबत असेल तर तो आधी तपासावा लागतो. दुसरे, टीएनएफ रोखणारी औषधे शरीरात दडलेल्या क्षयरोगाला जागे करू शकतात, म्हणून ती सुरू करण्याआधी क्षयरोगाची चाचणी करतात. नियमित व्यायाम हा उपचाराचा पाया आहे, त्याला औषधे पर्याय ठरत नाहीत.

बेख्तेरेव यांच्याकडे यांपैकी कोणतीही चाचणी नव्हती आणि औषधही नव्हते. रुग्णाची पाठ कधीपासून आणि कशी आखडत गेली, हे त्यांनी शांतपणे विचारले आणि लिहून ठेवले. एमआरआयची चिठ्ठी लिहिण्याआधी डॉक्टरांनी हाच प्रश्न विचारणे आणि रुग्णाने त्याचे नेमके उत्तर देणे, निदानातली वर्षे वाचवण्याची सुरुवात आजही इथूनच होते.