र. धों. कर्वे आणि ‘अनैसर्गिक’ प्रश्नांचा खटला

संततिनियमनाचे आद्य प्रचारक म्हणून प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांचे नाव सर्वश्रुत आहे. परंतु समलिंगी आकर्षणाविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून त्यांना न्यायालयात उभे राहावे लागले होते, ही गोष्ट फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे ज्येष्ठ चिरंजीव. त्यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरूड येथे झाला. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात ते गणित शिकवीत. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि या प्रचारापायी १९२५ मध्ये त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. त्यानंतरच्या ओढगस्तीत पत्नी मालतीबाईंनी संसाराचा मोठा भार उचलला. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक निघाले. घरात, शाळेत किंवा डॉक्टरांकडे जे विचारण्याची सोय नव्हती, ते वाचक या मासिकाला पत्राने विचारू लागले.

हे आकर्षण वाईट संगतीने लागलेली खोड आहे, असाच सर्वसाधारण समज होता. खोड म्हटली की दोष ती जडलेल्याचा, आणि वळण न लावणाऱ्या आईबापांचाही. त्यावरचा उपाय म्हणजे धाक, नाहीतर लग्न. (हा दुसरा उपाय सुचविणारे आजही भेटतात.) १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ ने तर अशा संबंधांना निसर्गक्रमाविरुद्ध ठरवून गुन्ह्यातच जमा केले होते. म्हणजे लोकमताने आणि कायद्याने दिलेल्या शिक्षेचा सारा आधार, हे निसर्गाचे नव्हे, या एका समजुतीवर होता.

अश्लीलतेच्या आरोपावरून १९३१ मध्ये कर्वे यांना एकदा दंड झालाच होता. १९३४ च्या खटल्यात हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे आक्षेपार्ह ठरविण्यात आली. कर्वे यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. असले विकृत प्रश्न छापायचेच कशाला, अशी न्यायाधीशांची शंका होती. विकृती म्हणायची तरी ती ज्ञानावाचून दूर कशी होणार, असा प्रतिवाद बाबासाहेबांनी केला. त्यांनी हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेतला. हे आकर्षण बहुधा जन्मजात असते, असे मांडणारा एलिस यांचा ग्रंथ १८९७ मध्ये इंग्रजीत निघाला होता आणि तो विकल्याबद्दल लंडनमधील एका विक्रेत्यावर खटलाही झाला होता. ही इच्छा एखाद्याला निसर्गतःच असेल तर त्यात गैर ते काय, आणि आपल्या पद्धतीने सुख मिळविण्याचा त्याला हक्क आहे, असा बाबासाहेबांच्या युक्तिवादाचा रोख होता.

न्यायालयाला हे पटले नाही. कर्वे यांना दोनशे रुपये दंड झाला.

या युक्तिवादाचे पदर मात्र दोन होते, ते वेगळे पाहिले पाहिजेत. जन्मजात म्हटल्याने माणसावरचा ठपका हलका होतो, हे खरे. पाहण्यांतही असे मानणारे लोक सहसा अधिक सहिष्णू आढळतात. पण जन्मजात म्हणजे जन्मजात व्यंग असा अर्थ लावणारे निघालेच, आणि अनेक देशांत डॉक्टरांनी त्यावर क्लेशकारक ‘उपचार’ही केले. जागतिक आरोग्य संघटनेने समलिंगी आकर्षण आजारांच्या यादीतून १९९० मध्ये वगळले. सुमारे पावणेपाच लाख लोकांच्या जनुकांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अशा आकर्षणाचे एकच एक जनुक सापडले नाही. अनुवंशाचा वाटा आहे, पण तो अनेक जनुकांत विखुरलेला आणि अन्य घटकांशी गुंतलेला आहे. सगळा मान उगमावर टांगून ठेवला असता, तर प्रत्येक नव्या संशोधनागणिक तो हिंदकळला असता. सुखाच्या हक्काचा मुद्दा तसा नव्हता. कारण काहीही निघाले तरी तो उभाच राहतो. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळताना लैंगिक कल नैसर्गिक असल्याचे सांगितले; त्याचबरोबर व्यक्तीचे स्वातंत्र्य आणि प्रतिष्ठा यांवरही भर दिला.

हे पाहायला कर्वे नव्हते. दंड झाल्यावरही त्यांनी मासिक बंद केले नाही की वाचकांचे प्रश्न नाकारले नाहीत. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ‘समाजस्वास्थ्य’ सव्विसावे वर्ष ओलांडून चालूच होते.